अक्कांचे जुळवलेले बाण

राजाजीनगरातल्या घराचा वरचा मजला मला दाखवताना घरमालकीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "ऑफिसातून घरी किती वाजता येतीस?"

"साधारण साडेआठला."

"प्लस-मायनस?"

"म्हणजे?"

"म्हणजे साडेआठ म्हणून सांगितलीस, पण कधी आठला येशील, कधी दहाला. ते किती? साडेआठ तर कुणीही सांगतं की."

मी जरा विचार करून म्हटलं, "प्लस-मायनस चाळीस मिनिटं." आणि घर मला मिळालं. माझ्याआधी तिघीजणी आपण अगदी वेळेवर येतो असं सांगून परत गेल्या होत्या, हे मला नंतर शेजारून कळलं.

सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची, मीही म्हणू लागले. पासष्टीच्या पुढचं वय, ठेंगणा बांधा, सुती साडी, आणि साडीवर पुरुषांचा पूर्ण बाह्यांचा शर्ट. शर्ट कशाला, तर खिशासाठी. खिशात मोजपट्टी, पेन्सिल आणि भिंग. त्यांचे पूर्वज चारशे वर्षांपूर्वी घोड्यांवर बसून या कानडी मुलखात आले, असं त्या सांगत. घोडे कधीच गेले, मराठी तेवढी घरात राहिली, आणि राहता राहता तिच्यात "स्वल्प थांब", "सरी सरी", "अय्यो" असं बरंच काही मिसळलं. मी पुण्याची. मला सुरुवातीला हसू यायचं. एकदा अक्कांनी ते पकडलं. म्हणाल्या, "माझी मराठी निम्मी कानडी, तुझी निम्मी इंग्लिश. दोघींची चांगली निम्मी निम्मी एकत्र केली तर एक अख्खी होईल."

त्यांनी एका सरकारी कारखान्यात बत्तीस वर्षं तपासणी विभागात काढली होती. तयार झालेला प्रत्येक भाग मोजायचा, बसतो की नाही बघायचं, नाही तर बाजूला टाकायचा. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, मोजणं सुटलं नाही. चपात्या झाल्या की त्या एकावर एक ठेवून कडा बघत. कुणी "सरासरी" म्हटलं की चिडत. "सरासरी सांगू नको, पसारा सांग," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. एखाद्या मुलाला सरासरी सत्तर टक्के मिळतात म्हणून कुणी कौतुक करायला लागलं, तर अक्का विचारत, सगळ्या विषयांत सत्तर, की एकात शंभर आणि एकात चाळीस?

लग्नाविषयी एकदाच बोलल्या. छत्तीसपैकी बत्तीस गुण जुळले होते, तरी तिसऱ्या वर्षी नवरा हुबळीला बदली घेऊन गेला तो तिकडचाच झाला. "पत्रिकेत वजन बघतात," अक्का म्हणाल्या, "वाक बघत नाहीत." तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. गच्चीवरची खोली बघितल्यावर कळला.

त्या खोलीत बाण होते. बांबूच्या काड्यांचे भारेच्या भारे भिंतीला टेकून उभे. टेबलावर सोनाराचा काटा आणि एक लोखंडी चौकट. चौकटीच्या दोन टेकूंवर बाणाची काडी आडवी ठेवायची, मधोमध एक वजन लटकवायचं, आणि काडी किती वाकते ते घड्याळासारख्या तबकडीवर वाचायचं. कारखान्यातून भंगारात निघालेली ती तबकडी अक्कांनी रीतसर अर्ज करून मिळवली होती. ज्या काड्यांचं वजन सारखं आणि वाकही सारखा, त्याच एका जुडीत जायच्या. तीनशे काड्यांतून बारा निघाल्या तर अक्का त्या दिवशी खीर करत. मग पिसं. तीही सगळी एकाच बाजूच्या पंखाची. डाव्या पंखाचं पीस उजव्यात मिसळलं तर बाण हवेत फिरताना गोंधळतो, म्हणत.

"एवढं कशासाठी?" मी विचारलं.

"जड बाण अलीकडे पडतो, हलका पलीकडे. कडक बाण एका बाजूला जातो, मऊ दुसऱ्या बाजूला. वीस पावलांवर हे काही दिसत नाही. शंभर पावलांवर सगळं दिसतं. येतीस काय रविवारी?"

रविवारी सकाळी सहाला आम्ही दोन बस बदलून सर्जापूर रोडच्या पलीकडे गेलो. अक्कांच्या खांद्याला कापडी पिशवीत उभे बाण. कंडक्टरने विचारलं, "अम्मा, हे काय?" अक्का म्हणाल्या, "बाण." "कुणाला मारायला?" "अजून कुणालाच लागलेला नाही," अक्का गंभीरपणे म्हणाल्या आणि तिकिटाला हात पुढे केला.

निलगिरीच्या झाडांमागे एक लांबलचक पडीक जमीन होती. मालक ओळखीचा होता, म्हणून दर रविवारी तिथं दहाबारा माणसं जमत आणि जुन्या पद्धतीच्या बांबूच्या धनुष्यांनी बाण मारत. धनुष्याला ना दुर्बीण, ना कप्पी. लांब एक झेंडी रोवलेली, तिच्याभोवती फक्कीचं वर्तुळ. बाण आभाळात चढायचा, वाकायचा आणि झेंडीच्या आसपास कुठेतरी जमिनीत रुतायचा. या मंडळींचे गुरू म्हणजे एक निवृत्त पीटी मास्तर. सगळे त्यांना मेष्ट्रू म्हणत. कानडीत मास्तरांना तसंच म्हणतात. उंच, काटक, सत्तरीला आलेले, फार कमी बोलणारे.

मेष्ट्रूंच्या भात्यात एकासारखा दुसरा बाण नव्हता. वीस वर्षांत जमवलेले, मोडलेले, दोऱ्याने बांधलेले. एक बोटभर आखूड, एकाचं पीस कावळ्याचं. अक्का पहिल्यांदा या मैदानावर आल्या होत्या त्या कुणा नातेवाइकांबरोबर डबा घेऊन, गंमत बघायला. तिथं उभ्या राहून त्यांनी मेष्ट्रूंना विचारलं होतं, "सगळे बाण एका जागी का पडत नाहीत?"

"वारा," मेष्ट्रू म्हणाले होते.

"वारा सगळ्यांना एकच होता की."

त्याच दिवशी अक्का त्यांचे तीन बाण मागून घरी घेऊन गेल्या आणि पुढच्या रविवारी प्रत्येकाला चिठ्ठी बांधून परत आणले. चिठ्ठीवर वजन, लांबी, वाक. मेष्ट्रूंनी तिन्ही चिठ्ठ्या सोडून खिशात घातल्या आणि दिवसभर अक्कांशी बोलले नाहीत. ते तीन वर्षांपूर्वीचं. तेव्हापासून अक्का दर रविवारी येत, स्वतःही धनुष्य चालवायला शिकल्या, आणि दर रविवारी दोघांचं तेच भांडण.

मेष्ट्रूंचं म्हणणं असं, की बाण सारखे असून उपयोग काय, माणूस कुठे रोज सारखा असतो? शंभर पावलांवर हाताची चूकच एवढी असते की बाणातला फरक तिच्यात बुडून जातो. शिवाय आपला कुठला बाण कसा जातो ते हाताला माहीत असतं. "हा डावीकडे ओढतो, मी स्वल्प उजवीकडे धरतो. संपलं."

अक्का म्हणत, "मग तुमचा निम्मा जीव बाणाला सांभाळण्यात जातो. तेवढा झेंडीकडे द्या की."

भांडण मिटवायची कल्पना माझी. इंदिरानगरच्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम करते. मला वाटलं, यात तीन वर्षं भांडण्यासारखं काय आहे, मोजून टाकू. कल्पनेला घाईही होती. जमीन विकली गेल्याची बातमी आली होती. महिन्याभरात तिथं पत्रे ठोकले जाणार होते आणि एवढी लांब मोकळी जागा शहराच्या आसपास दुसरी कुणाच्या माहितीत नव्हती.

ठरलं असं. अक्का आणि मेष्ट्रू, दोघांनी तीन रविवारांत साठ बाण जुळवलेले मारायचे आणि साठ वेडेवाकडे. प्रत्येक बाण कुठे पडला ते टेपने मोजून मी लिहायचं. अडचण अक्कांचीच होती. बाण बोटात घेतला की त्यांना कळायचं, आपला की परका. म्हणून मी मागून बाण दोरीवर चढवायचा आणि त्यांनी तेवढा वेळ निलगिरीकडे बघायचं. मेष्ट्रूंना मात्र सगळं उघड, कारण आपले बाण ओळखून मारायचा त्यांचा हक्क अक्कांनी मान्य केला होता.

"पण अक्का," मी हळूच म्हटलं, "तुमचे बाण मारताना मेष्ट्रूंनी मुद्दाम चुकवलं तर?"

अक्का माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मलाच लाज वाटली. "ते माझ्याशी भांडतील, बोलणार नाहीत, चिठ्ठ्या फाडतील. खोटा बाण त्यांच्या हातून सुटायचा नाही."

तीन रविवार मी उन्हात टेप घेऊन वाकून वाकून चालले. तिसऱ्या रविवारनंतर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात सगळे आकडे भरले आणि निकाल समोर आला.

मेष्ट्रूंच्या हातात अक्कांच्या बाणांचा पसारा त्यांच्या स्वतःच्या बाणांच्या जेमतेम निम्मा होता. वाद घालायला जागाच नव्हती. अक्का तीन वर्षं म्हणत होत्या ते खरं होतं.

आणि अक्कांच्या हातात काहीच फरक नव्हता. जुळवलेले बाण आणि वेडेवाकडे बाण, दोन्हींचा पसारा सारखाच, आणि तोही भलामोठा. म्हणजे मेष्ट्रू जे म्हणत होते, हाताच्या चुकीत बाणाचा फरक बुडतो, ते अक्कांच्या बाबतीत खरं होतं.

मी बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत बसले. मग मी एक गोष्ट केली. अक्कांच्या जुळवलेल्या साठांत चार बाण फारच लांब गेले होते. त्या दिवशी वारा होता, एकदा दोरी सरकल्यासारखी वाटली होती, असं मी स्वतःला सांगितलं आणि ते चार काढून टाकले. लगेच अक्कांचा निकालही थोडा बाणांच्या बाजूला झुकला. फार नाही. त्यांना बरं वाटेल इतपत.

शुक्रवारी सकाळी स्वयंपाकघरात कॉफी उकळत होती. मी कागद पुढे केला. "अक्का, जिंकलात. दोघांच्याही हातात फरक पडतो. मेष्ट्रूंच्या जास्त, तुमच्या थोडा."

त्यांनी भिंग काढलं. निकाल लिहिलेल्या ओळीकडे बघितलंसुद्धा नाही. पेन्सिलचं टोक एकेका आकड्यावर ठेवत वरून खाली गेल्या. मग पुन्हा वर जाऊन खाली आल्या.

"छप्पन आहेत."

मी कप पुसायला घेतला.

"चार कुठे गेले?"

"वारा होता त्या दिवशी..."

"माझ्याच बाणांना होता? मेष्ट्रूंचे साठच्या साठ आहेत की."

कॉफी उतू गेली. दोघींपैकी कुणी उठलं नाही. शेवटी अक्कांनीच गॅस बंद केला आणि ओट्याकडे तोंड करून, पाठमोऱ्याच बोलल्या.

"कारखान्यात एकदा एका लॉटमधले सात भाग नापास निघाले. साहेब म्हणाले, मोजताना तुमचा हात हलला असेल, ते सात सोडून द्या. चांगला माणूस होता. महिनाअखेर होती, सगळ्यांचीच अडचण होती. मी सोडून दिले."

"मग? काय झालं?"

"काही नाही. माल गेला. कुणी परत पाठवला नाही, कुणी विचारलं नाही. काही झालं असतं तर मला बोलणी बसली असती, आणि मी विसरून गेले असते. काहीच झालं नाही, म्हणून बावीस वर्षं ते सात भाग माझ्या डोक्यात आहेत." त्या वळल्या. "तूही चांगली मुलगी आहेस. म्हणूनच सांगते. परत लिही. साठच्या साठ. हातानं लिही."

मी लिहिलं. नवा कागद त्यांनी घेतला, पूर्ण वाचला, घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. दोन दिवस गच्चीवरून काडी तासल्याचा आवाज आला नाही. जिन्यात भेटल्या तर मान हलवत, बोलत नसत. मी रागावले होते ती स्वतःवर, की त्यांनी एवढं मनावर घेतलं म्हणून त्यांच्यावर, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

आता मी स्वतःच सर्जापूर रोडला राहते. अक्का म्हैसूरला भाचीकडे असतात. तिथं घरामागे जागा आहे आणि कर्नाटकातून कुठून कुठून माणसं त्यांच्याकडून बाण जुळवून घ्यायला येतात. एक डझन करायला दोन महिने लागतात, प्लस-मायनस एक आठवडा. माझ्या बाल्कनीतून, निलगिरी होती त्या बाजूला, पंधरा मजली इमारतींची रांग दिसते. कुणी मला अक्कांबद्दल विचारलं की मी त्यांच्या मोजपट्टीच्या आणि शर्टाच्या गमती सांगते, लोक हसतात. पण मला स्वतःला त्या आठवतात त्या मैदानावरच्या शेवटच्या रविवारच्या.

त्या सकाळी रस्त्याच्या कडेला पत्र्यांचा ट्रक येऊन उभा होता. कामगार खड्डे खणत होते. मंडळी जमली. अक्कांनी खिशातून कागद काढला आणि उभ्या राहून कानडीत वाचला. मला तोपर्यंत तेवढं कानडी समजत होतं. आधी मेष्ट्रूंचा निकाल वाचला, मग स्वतःचा. आवाज कुठेही हलला नाही.

"म्हणून," कागदाची घडी घालत त्या म्हणाल्या, "जुळवलेल्या बाणांनी नेम सुधारतो, हे खरं. पण ज्याचा हात चांगला त्याचा. माझा तेवढा चांगला नाही. बाण माझ्यापेक्षा चांगले झालेत."

मला वाटलं मेष्ट्रू आता हसतील, नाही तर वाद घालतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. धनुष्य जमिनीवर ठेवलं आणि उजवा हात पुढे धरून बघत राहिले.

"मी आज शेवटचं म्हणून आलो होतो," ते म्हणाले. "मैदान जातंय म्हणून नव्हे. चार-पाच वर्षांपासून माझे बाण पांगायला लागले होते. मला वाटलं, वय झालं. हात गेला. घरी कुणाला सांगितलं नाही." मग थांबून म्हणाले, "हात गेला नव्हता म्हणा की."

"हात उत्तम आहे तुमचा," अक्का म्हणाल्या. "लेखी आहे."

त्यांनी आपली पिशवी उघडली, बारा बाणांची जुडी काढली आणि मेष्ट्रूंच्या पुढे धरली. मेष्ट्रूंनी हात मागे घेतला. "बेडा, बेडा, नको. तीन वर्षांची मेहनत तुमची. तुम्ही काय मारणार मग?"

"तुमचे द्या. मला काही फरक पडत नाही. तेही लेखी आहे."

त्यावर पहिल्यांदा कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले, अक्काही. इतक्या मोकळ्या हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. मेष्ट्रूंनी आपला जुना भाता खांद्यावरून उतरवून त्यांच्या पायाशी ठेवला आणि जुडीचा दोरा सोडला.

पहिला बाण चढला, वाकला, आणि झेंडीच्या इतका जवळ उतरला की झेंडी हलली. मेष्ट्रू वळले आणि अक्कांना त्यांनी हात जोडले.

"एकावरून काही सांगता येत नाही," अक्का म्हणाल्या. "दुसरा मारा."

दुसरा पहिल्याच्या शेजारी. तिसरा हातभर अलीकडे. बारा संपले तेव्हा खड्डे खणणारे दोन कामगारही फावडी टेकून बघत उभे होते. फक्कीच्या वर्तुळाबाहेर एकही बाण नव्हता. मेष्ट्रू बाण आणायला गेले नाहीत. नुसतेच उभे राहून लांब बघत राहिले.

मग अक्कांची पाळी. त्यांनी जुन्या भात्यातून न बघता एक बाण उपसला. दोऱ्याने बांधलेला, कावळ्याच्या पिसाचा. तोलून बघायला बोटं वळली, पण त्यांनी ती आवरली. बाण दोरीवर चढवला, दोरी गालापर्यंत ओढली आणि सोडली. बाण निलगिरीच्या दिशेने तिरका निघून गेला.

"अक्का, तो डावीकडे ओढतो," मेष्ट्रू घाईघाईने म्हणाले. "सांगायचं राहिलं. उजवीकडे स्वल्प—"

"सांगू नका, मेष्ट्रे," अक्का दुसरा बाण उपसत म्हणाल्या. "बाण करायला शिकले, मारायला शिकायचं राहिलंय. माझं मला कळू दे."